एका छपरासाठी

मुंबईच्या इस्लाम जिमखान्यावर एकदाही वलिम्याचे जेवण जेवले नाही, अशी घरे आपल्या वाचकांमध्ये थोडीच असतील. गेल्या हिवाळ्यात आम्हीही एका नातलगाच्या मुलाच्या वलिम्याला तिथे गेलो होतो. समोर मरीन ड्राइव्हचे दिवे, मागे चर्नी रोड आणि मरीन लाइन्स यांच्यामधून धडधडत जाणाऱ्या लोकलगाड्या, मधे हिरवळीवर मांडलेल्या खुर्च्या आणि बिर्याणीचा दरवळ. आमची बारा वर्षांची भाची शाळेच्या संघात क्रिकेट खेळते. मोठ्यांच्या गप्पांत तिचे लक्ष नव्हते. दिव्यांच्या पलीकडे अंधारात मैदानाचा मधला भाग दोरी लावून राखलेला होता, तिथपर्यंत ती जाऊन आली.

"मामू, इथे खरंच खेळतात? मग हे मैदान आहे की हॉल?"

"जिमखाना आहे," आम्ही म्हणालो.

"म्हणजे काय?"

आम्ही गप्प बसलो. आमच्या टेबलावर एक निवृत्त मास्तर होते. पान तोंडात टाकता टाकता ते म्हणाले, "ज्यांना दुसऱ्यांनी आपल्या क्लबात बसू दिलं नाही, त्यांनी स्वतःसाठी बांधलेली बसायची जागा. दुसरं काय?"

उत्तर पोरीला पटले की नाही कोण जाणे, आमच्या मात्र डोक्यात ते घोळत राहिले. नंतर आम्ही जमेल तेवढे वाचून काढले. मास्तरांचे म्हणणे बरेचसे खरे निघाले, पण पुरते खरे नव्हे. ती हकीकत आज सांगावीशी वाटते, कारण अशीच एक बसायची जागा सध्या आमच्या आजोळच्या गावात बांधली जात आहे आणि तिच्यावरून गावात बरेच काही घडले आहे. पण आधी मुंबई.

मुंबईचा जुना किल्ला ज्यांनी नकाशात पाहिला असेल त्यांना ठाऊक असेल, की तटाबाहेर इंग्रजांनी मोठी मोकळी जागा राखली होती. शत्रू आलाच तर तोफांच्या माऱ्यात आडोसा नको, हा हेतू. शत्रू आला नाही. १८६०च्या दशकात तटही पाडले गेले, आणि तोफांसाठी राखलेल्या त्या जागेवर पोरे चेंडू-फळी खेळू लागली. आजची आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज ही मैदाने त्याच एस्प्लनेडचे तुकडे होत.

खेळाला सुरुवात केली पारशांनी. १८४८ साली त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब निघाला आणि पुढच्या वीस वर्षांत पारशी क्लबांचे पीकच आले. कुणी रोमन देवांची नावे घेतली, कुणी इंग्रज साहेबांची. मग १८६६ साली हिंदूंचा बॉम्बे युनियन क्लब आला, आणि त्यापाठोपाठ जातवार, भाषावार क्लब निघाले. गौड सारस्वतांचा वेगळा, क्षत्रियांचा वेगळा, गुजरात्यांचा वेगळा, तेलुगू तरुणांचा वेगळा. मुसलमान तरुणांचा क्लब १८८३च्या सुमारास निघाला, त्याला तय्यबजींसारख्या घराण्यांचा हातभार होता. मैदान एक आणि त्यावर डझनावारी क्लब. ज्याला त्याला आपले नाव प्यारे.

या क्लबांपाशी काय होते? एखादा तंबू, एखादी पेटी, फार तर एखाद्या श्रीमंत सभासदाच्या घरातली खोली. सामना संपला की पेटी डोक्यावर घेऊन घरी. पाऊस आला की पळा. प्यायचे पाणी कुठे, कपडे कुठे बदलायचे, धावांची वही कुणाकडे राहील, दुसऱ्या संघाचे आव्हानाचे पत्र कोणत्या पत्त्यावर येईल, या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण ज्याने कधी मोहल्ल्यातला संघ चालवला आहे त्याला विचारा. संघ मोडतो तो सामना हरल्याने नव्हे. स्टंप ज्याच्या घरी असतात तो रुसला म्हणजे मोडतो.

साहेबांची गोष्ट निराळी. १८७५ साली बॉम्बे जिमखाना निघाला, मैदानाच्या कडेलाच. त्यांना छप्पर मिळाले, व्हरांडा मिळाला, खुर्च्या मिळाल्या. दारातून आत जायला गोरी कातडी लागे. 'जिमखाना' हा शब्द मात्र त्यांनी आपल्याकडूनच उचलला. जाणकारांच्या मते 'गेंदखाना' म्हणजे चेंडूघर, त्यातल्या 'गेंद'च्या जागी इंग्रजी 'जिम' बसला आणि जिमखाना झाला. खाना आपला, आत यायची बंदीही आपल्यालाच!

एवढ्यावर भागले असते तर कुणाची तक्रार नव्हती. पण जिमखान्याच्या सभासदांना पोलोचा नाद. पोलोला ऐसपैस जागा लागते, म्हणून ते आठवड्यातले काही दिवस सगळ्यांच्या मैदानावर घोडे आणू लागले. घोड्याच्या टापांनी उकरलेल्या जमिनीवर क्रिकेट खेळता येत नाही. चेंडू कुठे उसळेल, कुणाचे नाक फोडील याचा नेम नसतो. ज्या दिवशी पोलो त्या दिवशी खेळ बंद, आणि दुसऱ्या दिवशी मैदान खड्ड्यांचे.

इथे पहिल्यांदा हे सगळे विखुरलेले क्लब एक झाले. १८८१ साली शेकडो सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. पारशी पुढे होते, हिंदू क्लब त्यांच्याबरोबर आले. शापूरजी सोराबजी नावाचे गृहस्थ या झगड्याचे चिटणीस म्हणावेत असे. पुढे १८९७ साली त्यांनी पारशी क्रिकेटवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्याच्या शीर्षकातच 'युरोपियन पोलो विरुद्ध नेटिव्ह क्रिकेट' हा झगडा घातला. युक्तिवाद साधा होता. पोलो खेळणारे मूठभर, क्रिकेट खेळणारे शेकडो. मूठभरांच्या करमणुकीसाठी शेकडोंचे मैदान का खणायचे?

सरकारने आधी ऐकले आणि पोलो कूपरेजवर हलवला. मग जिमखानेवाल्यांनी वजन खर्च केले, आणि घोडे परत आले. पुन्हा अर्ज, पुन्हा उत्तरे. अर्जविनंत्यांचा हा खेळ कित्येक वर्षे चालला. आम्हाला यात कौतुक वाटते ते एका गोष्टीचे. काँग्रेस स्थापन व्हायला तेव्हा अजून चार वर्षे होती. सरकारच्या दारात एकत्र जाऊन "ही जागा आमचीही आहे" असे म्हणायला काही तरुण शिकले ते चेंडूफळीपायी. एरवी एकमेकांचा पाणउतारा करणाऱ्या क्लबांच्या चिटणिसांनी एकाच कागदावर सह्या केल्या.

सरकारने तोड काढली ती वेगळीच. मैदान सोडून द्या, समुद्राकाठी जागा घ्या. तेव्हा मरीन ड्राइव्ह नव्हता. रेल्वेचे रूळ आणि समुद्र यांच्यामध्ये केनेडी सी फेसची पट्टी होती. १८८५ साली पारशी जिमखाना स्थापन झाला होता, त्याला १८८७ साली तिथे जागा मिळाली. मग मुसलमानांनी मागितली. पुढाकार होता बदरुद्दीन तय्यबजींचा. मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर, अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक, १८८७च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. (आणि पुढे न्यायमूर्ती झाल्यावर १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन देणारे तेच. आपल्या मुलांना हे शाळेत कुणी सांगत नाही, म्हणून इथे कंसात का होईना सांगून ठेवतो.)

गव्हर्नर होते लॉर्ड हॅरिस, स्वतः इंग्लंडच्या संघाचे माजी कर्णधार. त्यांनी या मागणीवर जो शेरा मारला त्याचा मथितार्थ असा : यांना नाही म्हणता येणार नाही. मात्र प्रत्येक 'राष्ट्रीयत्वा'ला एकेक जिमखाना मिळाला की यापुढे कुणालाही जमीन नाही. नंतर येणाऱ्याला सांगायचे, तुझ्या समाजाचा जिमखाना आहे ना, जा, त्यात सामील हो. १८९२ साली इस्लाम जिमखान्याला जागा मिळाली. शेजारीच १८९४ साली हिंदू जिमखाना उभा राहिला. परमानंददास जीवनदास यांच्या घराण्याने त्यासाठी मोठी देणगी दिली, म्हणून त्याच्या नावाआधी आजही पी. जे. ही अक्षरे लागतात.

हा शेरा आम्ही दोन-तीनदा वाचला. वाचताना एकदा राग येतो, एकदा हसू येते.

हसू अशासाठी, की जे काम बुजुर्गांच्या उपदेशाने झाले नसते ते सरकारी नकाराने केले. सारस्वत, क्षत्रिय, गुजराती, तेलुगू अशा सगळ्या क्लबांना निमूटपणे एका छपराखाली यावे लागले, कारण दुसरे छप्पर मिळणारच नव्हते. आपल्याकडेही तेच. त्या काळची मुंबईतली मुसलमान वस्ती म्हणजे काही एकजिनसी गठ्ठा नव्हता. कोकणी, मेमन, खोजे, दाऊदी आणि सुलेमानी बोहरे, उत्तरेतून आलेले विणकर. बोली वेगळी, जमात वेगळी, कित्येकांची मशीदही वेगळी. स्वतः तय्यबजी सुलेमानी बोहरे. अशा शहरात त्यांनी जिमखान्याला नाव कोणत्याही एका जमातीचे दिले नाही, सगळ्यांना सामावेल असे दिले. आज आम्हाला हे नाव सहज वाटते. त्या दिवशी ते तितके सहज नसणार.

आणि राग अशासाठी, की मैदानावर पोलोविरुद्ध जे एकाच कागदावर सह्या करीत होते त्यांना या शेऱ्याने ओळीने लावलेल्या वेगवेगळ्या कुंपणांत बसवले. चौथा अर्ज 'आम्ही सगळे मिळून एक जिमखाना मागतो' असा आला असता तर? तसा रकानाच त्या कागदावर नव्हता. रकाना नसला की माणसे तशी मागणीही करीत नाहीत.

छपराखाली आल्यावरही सगळे सारखे होतात असे नाही, हेही याच काळात दिसले. पालवणकर बाळू यांचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. चर्मकार घरातला हा मुलगा पुण्यात साहेबांच्या क्लबाच्या मैदानाची निगा राखता राखता आणि सरावात त्यांना तासन् तास गोलंदाजी करता करता देशातला अव्वल फिरकी गोलंदाज झाला. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, कारण त्यांच्याशिवाय जिंकता येत नव्हते. चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरे. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात दिला जाई. जेवणाचे ताटही वेगळे. प्लेगच्या दिवसांत ते मुंबईला आले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले, आणि १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवले त्यात त्यांचा आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांचा मोठा वाटा होता. जिमखान्याच्या उपाहारगृहात इतरांबरोबर बसण्याची मुभा त्यांना मिळाली, पण विकेटी काढल्यानंतर. कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली, बऱ्याच मानापमानानंतर. विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले आहे. आपल्या घरातल्या खेळाडू मुलांच्या हाती ते द्यावे.

म्हणून मास्तरांच्या व्याख्येत आम्ही एक दुरुस्ती सुचवतो. दुसऱ्यांनी बसू दिले नाही म्हणून आपण जागा बांधली, इथवर ठीक. बांधून झाल्यावर आपण कुणाला बाहेर चहा देतो, हा प्रश्न उरतोच.

जिमखाने झाले आणि सामने रंगले. युरोपियन आणि पारशी यांच्यात आधीपासून लढती होत्याच. १९०७ साली हिंदू आल्यावर तिरंगी झाली, १९१२ साली मुसलमान आल्यावर चौरंगी, आणि १९३७ साली 'इतर' म्हणून ख्रिस्ती वगैरे खेळाडूंचा संघ आल्यावर पंचरंगी. आमच्या दादांना, म्हणजे वडिलांच्या वडिलांना, हे सामने तोंडपाठ होते. १९४४च्या अंतिम सामन्यात मुसलमानांनी हिंदूंना एका विकेटने हरवले, त्यात के. सी. इब्राहिम अखेरपर्यंत कसे टिकून राहिले, हे ते जेवताना हातातला घास तसाच धरून सांगत. त्यांचे डोळे चमकत. आणि त्याच दमात ते विजय मर्चंटांच्या खेळीचेही गोडवे गात. आम्हाला लहानपणी कळायचे नाही की दादा कुणाच्या बाजूचे.

मात्र बाहेरचे वारे बदलले होते. १९४० साली हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटली. खेळात धर्मावर आधारलेले संघ कशाला, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कॉलेजांनी संघ करावेत, संस्थांनी करावेत, ते समजते. धर्मांनी का करावेत, हे समजत नाही, असा त्यांचा रोख. त्यावरून वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे वाद झाला. खेळाडूंपैकी बहुतेकांचे म्हणणे, मैदानावर आमच्यात वैर नाही. ते खोटे नव्हते. पण गॅलरीत बसलेल्यांचे काय? १९४६ साली पंचरंगी बंद झाली. ती बंद झाली ते बरेच झाले असे आमचे मत आहे. दादांचे मत विचारायची हिंमत आम्ही कधी केली नाही.

एक बारीक गोष्ट जाता जाता. १९३७ साली नव्याने झालेल्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पहिली पंचरंगी भरली, त्या वर्षी हिंदू जिमखान्याने संघच उतरवला नाही. कारण? स्टेडियममध्ये आपल्या सभासदांना मिळणाऱ्या खुर्च्या. पोलोच्या घोड्यांपुढे जे टिकले ते खुर्च्यांवरून अडले.

आज चित्र पुष्कळ बदलले आहे. सूर्यकुमार यादव पारशी जिमखान्याकडून खेळले, त्यात कुणाला नवल वाटले नाही. जिमखाने आहेत, नावे आहेत, संघात खेळणाऱ्याची जात-जमात विचारायचे दिवस गेले. पण छपराचा प्रश्न संपलेला नाही. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी आझाद मैदानावर चक्कर मारा. बावीस खेळपट्ट्या, एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या यष्टीमागे उभा. डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग भर पावसाळ्यात चालते. ओल्या गवतात चेंडू चार हातांवर थबकतो आणि फलंदाज घामाघूम होतो. तिथे लहान लहान क्लबांचे तंबू आहेत. तंबूत एक बाक, एक पाण्याचा पिंप, वर टांगलेल्या बॅगा. कामावरून सुटून आलेला चिटणीस नावे लिहून घेतो आहे. मोहल्ल्यातली, चाळीतली, झोपडपट्टीतली पोरे याच तंबूंतून वर येतात. बेस्टच्या बसचालकाचा मुलगा वसीम जाफर भारतासाठी कसोटी खेळला तो याच मैदानांच्या जिवावर. त्याच्याही आधी चिपळूणजवळच्या कालुस्त्याचे गुलाम परकार १९८२ साली लॉर्ड्सवर उतरले होते. कोकणातल्या मोहल्ल्यांत ती बातमी ईदसारखी साजरी झाली होती, असे आमची आई सांगते.

कोकणाचे नाव निघाले, तर आता आजोळकडे वळतो.

आमचे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. गावाचे नाव देत नाही. लोक आपलेच आहेत आणि भांडण नुकतेच मिटले आहे. गावात टेनिस चेंडूने खेळणारे तीन संघ : एक वरच्या मोहल्ल्याचा, एक खालच्या मोहल्ल्याचा आणि एक कुणबी वाडीचा. मैदान एकच, भातकापणीनंतर मोकळे होणाऱ्या शेतांच्या कडेला ग्रामपंचायतीच्या मालकीचा माळ. तिन्ही संघ आपापले चषक भरवीत. आखाती देशांतल्या पोरांकडून पैसा येई, मुंबईच्या चाकरमान्यांकडून येई, मंडप पडे, लाउडस्पीकरवर समालोचन होई. आणि दर वर्षी तारखांवरून भांडण. एका वर्षी तर वरच्या आणि खालच्या मोहल्ल्याचे चषक एकाच दिवशी ठरले. एकाने खेळपट्टीवर रात्रीतून रोलर आडवा घालून ठेवला. रोलर ओढायला दहा माणसे लागतात. ती दहा माणसे कोण, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कुणीही सांगत नाही.

तिघांनाही एक खोली हवी होती. सामान ठेवायला, कपडे बदलायला, उन्हात बसायला. तिघांनी ग्रामपंचायतीकडे वेगवेगळे अर्ज केले. पंचायतीत तिघांचेही नातेवाईक, त्यामुळे तीन वर्षे ठराव झाला नाही. शेवटी ग्रामसेवकाने कंटाळून सांगितले, "जागा एक. अर्ज एक आणा. नोंदणी असलेल्या संस्थेचा आणा. नाहीतर मी फाईलच बंद करतो."

आम्हाला हॅरिस साहेबांचा शेरा आठवला. फरक एवढाच, की ग्रामसेवकाच्या कागदावर धर्माचा रकाना नव्हता. फक्त गावाचा होता.

मग बैठका. पहिली जमातखान्याच्या ओट्यावर ठरली, वाडीची पोरे आली नाहीत. दुसरी वाडीतल्या देवळाच्या सभामंडपात ठरली, वरच्या मोहल्ल्याचे आले नाहीत. तिसरी झाली शाळेच्या वर्गात. मोठी माणसे लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि तिथे जमले. आमचे मामू सांगतात, त्या बाकांवर फार वेळ भांडताच येत नाही, पाय आखडतात.

अडचण नावाची होती. तिन्ही संघांना आपापले नाव हवे. कुणी म्हणे तिन्ही नावे जोडा, पण ते रेल्वेच्या वेळापत्रकासारखे लांबलचक झाले. शेवटी गावाचे नाव आणि पुढे 'क्रीडा मंडळ', एवढेच ठरले. नोंदणीसाठी किमान सात सभासद लागतात. दोन-दोन-दोन झाले, सातवा कोण? सातव्या जागी शाळेच्या बाई घ्यायच्या ठरल्या, कारण त्यांचा कोणताच संघ नव्हता. घटना लिहिली गेली, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात फेऱ्या झाल्या. दर वर्षी हिशेब तपासून द्यावे लागणार हे कळल्यावर खजिनदार व्हायला कुणी तयार होईना. तेही काम बाईंकडेच गेले.

चिरे गावच्याच खाणीतले, गवंडी खालच्या मोहल्ल्याचा, सुतार वाडीचा. जोते भरायला तिन्हींकडची पोरे रविवारी सकाळी येत. तिथे एक वेगळाच तंटा निघाला. दुबईतल्या एकाने छपराच्या पत्र्यांचा पूर्ण खर्च देऊ केला, मात्र मरहूम वडिलांच्या नावाची फरशी दारावर हवी म्हणाला. वाडीतल्या एका शेतकऱ्याने रस्त्यासाठी आपल्या शेताची कड दिली होती, त्याने काहीच मागितले नव्हते. मग फरशी एकाचीच कशी? हा गुंता आमच्या मामूंनी सोडवला. भिंतीवर आतल्या बाजूला एक फळा लावला आणि त्यावर दिलेल्या क्रमाने सगळ्यांची नावे खडूने लिहिली : पत्रे, शेताची कड, चिऱ्यांचा ट्रक, चहा-साखर, रविवारची मजुरी. फरशी कोरायची की नाही हे पुढे ठरवू म्हणाले. दुबईवाल्याला फोनवर फळ्याचा फोटो पाठवला. दोन दिवस तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पैसे आले.

गेल्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा खोली उभी होती. दोन खिडक्या, पुढे पडवी, आत तीन कपाटे. कपाटे तीनच, त्यांना कुलपेही तीन. एकत्र येणे अजून तिथवर पोचलेले नाही. भिंतीवर वेळापत्रक होते. असर ते मगरिबमधला वेळ सगळ्यांनाच हवा असतो, तो दिवसाआड वाटून घेतला आहे. रमजानात तरावीहनंतर दिव्यांखाली खेळायचे, गणपतीच्या दिवसांत मैदान वाडीला द्यायचे, असेही खाली लिहिले होते.

भाची आमच्याबरोबर होती. तिने वेळापत्रक वरपासून खालपर्यंत वाचले आणि विचारले, "मुलींची वेळ कुठली?"

पडवीत बसलेल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. कुणीतरी म्हणाले, मुली खेळतातच कुठे? बाई म्हणाल्या, शाळेत अकरा जणी खेळतात, इथे येत नाहीत, कारण इथे त्यांना जायला संडास नाही. खोलीला दोन दारे ठेवली, पडवी ठेवली, कपाटे ठेवली. ही गोष्ट मात्र तीन संघांच्या तीन वर्षांच्या बैठकांत एकाच्याही ध्यानात आली नव्हती. आमच्याही आली नव्हती, हे कबूल करायला हवे. आम्ही तर बांधकामाचे फोटो पाहून खूश होतो.

त्या संध्याकाळी पुन्हा शाळेच्या बाकांवर बैठक झाली. मागच्या बाजूला संडास बांधायचा, इथपर्यंत कुणाचा विरोध नव्हता. वाद झाला तो दार कुणीकडे असावे यावरून. मैदानाकडे की शेताकडे, आणि पाण्याची टाकी कोण भरणार. रात्री साडेनऊला पाय आखडले, तेव्हा दार शेताकडे असावे असे ठरले. टाकीचे ठरायचे आहे. गवंड्याने दुसऱ्या दिवशी सकाळी चुना टाकून पाया आखला, आणि फळ्यावर खडूने नवी ओळ लिहिली गेली : संडासासाठी चिरे, दीडशे. त्यापुढे देणाऱ्याच्या नावाची जागा आम्ही निघालो तेव्हा मोकळी होती.